कथेतलं भूत उतरवताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय ऐकून कुणी लिंबू-मिरची शोधायला उठलं असेल तर त्यांनी निवांत बसावं. मी मांत्रिक नाही. मी कथा लिहिते, आणि तीही एकटी लिहीत नाही. आम्ही पाच जण मिळून एक लांबलचक कथा लिहितो. एकानं एक प्रकरण लिहायचं, त्यानं जिथं सोडलं तिथून दुसऱ्यानं उचलायचं. यातली मुख्य पात्रं आमची नाहीत, एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतली आहेत. अशा लेखनाला 'फॅन फिक्शन' म्हणतात. आपण मराठीत चाहत्यांच्या कथा म्हणू. मूळ लेखकानं निर्माण केलेली माणसं घ्यायची आणि त्यांना आपल्या मनातल्या प्रसंगात उभी करायची. यात पैसे मिळत नाहीत, मिळवायचेही नसतात.

नाव परकं असलं तरी प्रकार आपल्याला अगदीच अनोळखी नाही. कोकणातल्या दशावतारात नटाच्या हातात लिहिलेली संहिता नसते. पुराणातली पात्रं सगळ्यांच्या ओळखीची असतात आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. भीम मात्र भीमासारखा बोलला पाहिजे. तो अर्जुनासारखा बोलायला लागला तर पुढच्या रांगेतली म्हातारी सुद्धा नाक मुरडते. आमच्याकडेही तेच. मूळ मालिकेत जे घडलं ते प्रमाण मानायचं आणि त्याला धक्का न लावता पुढं जायचं.

आमची मालिका 'सुपरनॅचरल'. ती सप्टेंबर २००५ मध्ये सुरू झाली आणि पंधरा पर्वं, ३२७ भाग होऊन नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. सॅम आणि डीन विंचेस्टर हे दोघे भाऊ १९६७ सालची काळी शेवरोले इम्पाला घेऊन अमेरिकाभर हिंडतात आणि भुताखेतांचा, सैतानी शक्तींचा बंदोबस्त करतात. दारात मिठाची रेघ ओढली की सैतान ती ओलांडू शकत नाही. जमिनीवर किंवा छतावर ठरावीक रिंगण काढलं की तो त्यात अडकतो. लॅटिन भाषेतला विधी म्हटला की तो झपाटलेल्या माणसाच्या तोंडातून काळ्या धुरासारखा बाहेर पडतो. अशा पात्रांवर लिहायचं म्हटलं की भूत उतरवण्याचा प्रसंग टळत नाही, आणि हौशी लेखणी नेमकी तिथंच अडखळते.

सहसा काय होतं? लेखक दिवे घालवतो, वारा सोडतो, खिडक्या आपटतो. मग दीड पान अगम्य मंत्र लिहितो आणि शेवटी एक किंकाळी. वाचक घाबरत नाही. पुढं काय होणार ते त्याला पहिल्या ओळीला कळलेलं असतं. मंत्र जितका लांब तितका विधी खरा वाटेल असा एक समज आहे. माझा अनुभव असा की मंत्रावर वाचक विश्वास ठेवतच नाही, मंत्राची पानं तो उलटून पुढं जातो. त्याचा विश्वास बसतो तो विधीला घातलेल्या अटींवर. हा विधी कुणी करायचा, कधी करायचा नाही, कशानं तो फसेल आणि फसला तर काय गमवावं लागेल, हे कळलं की माणूस खुर्चीत सावरून बसतो.

मूळ मालिकेतलीच दोन उदाहरणं देते. पहिल्या पर्वातल्या चौथ्या भागात भावांना उडत्या विमानात हा विधी करावा लागतो. विधीचे दोन भाग आहेत. पहिल्या भागानं सैतान माणसाच्या अंगातून बाहेर पडतो, पण बाहेर पडल्यावर तो अधिकच बलवान होतो. दुसरा भाग पुरा झाला तरच तो कायमचा जातो. म्हणजे अर्ध्यावर थांबलं तर सुरुवात न केलेली बरी. एवढ्या एका अटीनं तो प्रसंग जिवंत झाला आहे. दुसरं उदाहरण त्याच पर्वाच्या शेवटच्या भागातलं, २००६ सालचं. मेग नावाच्या मुलीच्या अंगात सैतान आहे. पण ती आधी एका उंच इमारतीवरून खाली पडलेली आहे, आणि मोडलेलं ते शरीर सैतानामुळंच चालतंय. त्याला बाहेर काढलं तर मुलगी मरणार, हे भावांना सांगितलं जातं. ते तरीही विधी करतात. विधी यशस्वी होतो आणि मुलगी मरते. पाहणाऱ्याला सैतान विसरायला होतो, ती मुलगी विसरत नाही.

आता या अटी आणायच्या कुठून? मनानं रचता येतात. पण खऱ्या विधीचा कागद समोर असला तर हात स्थिर राहतो. रोमन कॅथलिक चर्चनं १६१४ मध्ये, पोप पाचवे पॉल यांच्या काळात, धार्मिक विधींचा एक अधिकृत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात भूत उतरवण्याचं स्वतंत्र प्रकरण आहे. ते वाचताना मला सर्वांत नवल वाटलं ते प्रार्थनांचं नाही, आधी दिलेल्या नियमांचं. सुरुवातीलाच धर्मगुरूला बजावलंय की अमक्याला सैतानानं पछाडलंय यावर सहजासहजी विश्वास ठेवू नये. काळ्या पित्तानं म्हणजे उदासीच्या विकारानं किंवा दुसऱ्या आजारानं त्रासलेला माणूस वेगळा ओळखावा. मग खुणा दिल्या आहेत. न शिकलेली भाषा सफाईनं बोलणं किंवा समजणं, दूरच्या अथवा गुप्त गोष्टी सांगणं, वयाला आणि प्रकृतीला न शोभणारी ताकद दाखवणं. सैतानाशी काय बोलायचं तेही ठरलेलं. तुम्ही किती आहात, नावं काय, कधी शिरलात, का शिरलात. कुतूहलापोटी जास्तीचे प्रश्न विचारायचे नाहीत. धर्मगुरूनं स्वतः औषध द्यायचं नाही, सुचवायचंही नाही, ते काम वैद्याचं. रोगी स्त्री असेल तर तिला धरायला प्रतिष्ठित माणसं, शक्यतो तिचे नातेवाईक हवेत. शिवाय चर्चच्या कायद्याप्रमाणं बिशपच्या परवानगीवाचून कुणालाही हा विधी करता येत नाही. १९९९ मध्ये या विधीची सुधारित आवृत्ती निघाली.

कथा लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं ही खाणच आहे. वैद्याकडून चिठ्ठी आणायची, बिशपची परवानगी मिळवायची, ती येईपर्यंत घरातल्यांनी चार रात्री काढायच्या, या सगळ्यात कथा आहे. खुद्द विधी त्यामानानं थोडा.

विल्यम पीटर ब्लॅटी यांना हे चांगलं ठाऊक होतं. १९४९ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठात शिकत असताना त्यांनी एका मुलाच्या भूतबाधेची बातमी वर्तमानपत्रात वाचली. त्यावरून सुचलेली 'द एक्झॉर्सिस्ट' ही कादंबरी १९७१ मध्ये आली, चित्रपट १९७३ च्या डिसेंबरात. तो चित्रपट आठवून लोक गर्रकन फिरणारी मान सांगतात. मला विचाराल तर त्यातली खरी कमाल साध्या पाण्याची आहे. फादर कारास हा धर्मगुरू आहे आणि मानसोपचारतज्ज्ञही. तो नळाचं पाणी आणतो, ते पवित्र पाणी आहे असं सांगून मुलीच्या अंगावर शिंपडतो. मुलगी भाजल्यासारखी तडफडते. झालं, कारासची शंका बळावते, कारण खरा सैतान नळाच्या पाण्याला कशाला भिईल? चित्रपटाचा बराच मोठा भाग तर इस्पितळातल्या तपासण्यांतच जातो. ज्याच्या हातून पुढं विधी व्हायचा आहे त्यालाच विश्वास नाही, म्हणून आपला बसतो.

पाच जणांनी लिहायचं तर अटी पाठ असून चालत नाही, त्या लिहून ठेवाव्या लागतात. आमच्याकडं त्यासाठी एक दोनशे पानी वही आहे, ती माझ्याकडं असते. मीठ शिंपडलेली रेघ वाऱ्यानं पुसली तर काय, विधी म्हणताना एक शब्द चुकला तर काय, रिंगण काढलेली सतरंजी कुणी उचलली तर काय, असलं सगळं तिच्यात आहे. दुसऱ्या प्रकरणात सैतान मिठाला अडला आणि चौथ्यात मीठ तुडवून गेला, तर तो सैतानाचा पराक्रम ठरत नाही, लेखकाचा आळस ठरतो. वाचक तेवढा चाणाक्ष असतो.

भाषेवरून आमच्यात बरीच चर्चा झाली. लॅटिन आमच्यापैकी कुणालाच येत नाही. मी सुचवलं की मंत्र लिहूच नये. म्हणणाऱ्याचा कोरडा पडलेला घसा लिहावा, घरातल्यांनी मध्ये मध्ये दिलेला प्रतिसाद लिहावा. रोमन विधीची सुरुवात संतांच्या नामावळीनं होते. एकजण नाव उच्चारतो आणि बाकीचे एकच ठरावीक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतात. आमच्यातला एक सिंधुदुर्गातला. तो म्हणाला, हे तर गाऱ्हाणं! देवळासमोर एकानं गाऱ्हाणं घालायचं आणि जमलेल्यांनी 'व्हय महाराजा' म्हणत जायचं. ज्यानं ते ऐकलंय त्याला कळेल की अर्थापेक्षा त्या लयीत काहीतरी आहे. दहाव्या-बाराव्या वेळेला म्हणणाऱ्याचा स्वतःचा आवाज त्याचा राहत नाही. त्या मित्रानं लिहिलेल्या प्रकरणात लॅटिनचा एकही शब्द नाही. मुलीचा लहान भाऊ प्रतिसाद देता देता पेंगतो आणि एका नावाला गप्प राहतो, एवढंच आहे. आमच्या अख्ख्या कथेत मला ते पान सर्वांत भीतिदायक वाटतं.

इथवर हा छंदाचा भाग झाला. पण पटण्याजोगा विधी रचणारे आम्ही काही एकटेच नाही. गावोगावचे भोंदू बाबा दुसरं काय करतात? लिंबू कापलं की रक्त निघतं, हळदीचं पाणी हात लावताच लाल होतं, नारळावर पाणी शिंपडलं की पेट घेतो. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते शाळाशाळांतून हे प्रयोग करून दाखवतात. सुरीला मिथिल ऑरेंज नावाचं रसायन लावलेलं असतं, ते लिंबाच्या आंबटानं लाल होतं. हळदीला चुना लागला की ती लाल होते. नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा दडवलेला असतो. लेखिका म्हणून मला यात एक गोष्ट दिसते. हे विधी कधी फसत नाहीत. रसायन चुकत नाही, त्यामुळं बाबाही चुकत नाही. आणि रोगी बरा झाला नाही, तरी चूक विधीची नसतेच. घरात कुणीतरी पथ्य मोडलेलं असतं, करणी जास्त जबर निघते, पुढच्या अमावास्येला पुन्हा यायचं असतं. कथेत असला विधी लिहिला तर वाचक दुसऱ्या पानावर पुस्तक मिटेल. घरात तापानं फणफणलेलं माणूस असलं की मात्र तोच वाचक अमावास्येची तारीख विचारतो.

हा फरक आमच्या डोक्यात आला तो एका भांडणातून. आमच्यातल्या एकीनं पाचवं प्रकरण लिहून आणलं. कथा नेब्रास्कातल्या एका शेतघरात घडते. भाऊ पोचायच्या आधी शेजारपाजारचे लोक त्या आजारी मुलीवर आपल्या परीनं उपाय करतात असा प्रसंग. मुलीला पलंगाला बांधलंय, दोन दिवस खायला दिलेलं नाही, थोबाडीत मारताहेत, आणि वर मिरचीची धुरी. लिहिलेलं फार प्रभावी होतं. धुरीचा प्रश्न लगेच सुटला, कारण नेब्रास्कात मिरचीची धुरी कोण देणार? पण बाकीच्याचं काय करायचं? एकजण उठला आणि त्यानं महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याची प्रत समोर ठेवली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या कायद्यासाठी वर्षानुवर्षं खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांची हत्या झाली, त्यानंतर लगेच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळानं कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीतली पहिलीच नोंद भूत उतरवण्याच्या बहाण्यानं केल्या जाणाऱ्या छळाची आहे. दोरानं वा साखळीनं बांधणं, काठीनं किंवा चाबकानं मारणं, पादत्राण भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं, केस उपटणं, चटके देणं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. आमच्या मैत्रिणीचं प्रकरण आणि ती यादी शेजारी शेजारी ठेवली तर कुणी कुणावरून उतरवलं, असं वाटावं.

आमच्यातले दोघे म्हणाले, प्रकरण काढून टाका. ती म्हणाली, काढून टाकलं तर ते खोटं होईल, कारण हे घडतं. तुम्हाला भूत चालतं, माणसं चालत नाहीत. मला तिचं म्हणणं बरोबर वाटलं. आक्षेप छळ दाखवण्याला नव्हता. त्या प्रकरणात तो छळ विधीचाच भाग असल्यासारखा उतरला होता, आणि त्यानंतर मुलगी थोडी शांत झालेली दाखवली होती. वाचणाऱ्यानं त्यातून काय घ्यायचं?

तेव्हा आमच्यातल्या जर्मन शिकवणाऱ्या मित्रानं क्लिंगेनबर्गची हकीकत सांगितली. बव्हेरियातलं हे छोटं गाव. तिथली आनेलिझ मिशेल ही मुलगी. १९६८ मध्ये तिला पहिला झटका आला, पुढं अपस्माराचं निदान झालं, उपचार सुरू झाले. काही वर्षांनी तिला भेसूर चेहरे दिसू लागले, आवाज ऐकू येऊ लागले. घरातली माणसं अतिशय धार्मिक. १९७५ च्या सप्टेंबरात वुर्त्सबुर्गच्या बिशपनी विधीला परवानगी दिली. दोन धर्मगुरूंनी तोच १६१४ चा विधी सुरू केला. पुढच्या साधारण दहा महिन्यांत सदुसष्ट वेळा तो झाला. डॉक्टरांकडे जाणं थांबलं. मुलीनं अन्न सोडलं. १ जुलै १९७६ ला ती उपासमारीनं आणि शरीरातलं पाणी कमी होऊन मेली. वय तेवीस, वजन जेमतेम तीस किलोच्या आसपास. १९७८ मध्ये आईवडील आणि दोन्ही धर्मगुरू निष्काळजीपणानं मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी ठरले. सहा महिन्यांची शिक्षा झाली, तीही स्थगित.

यात कुणी भोंदू नव्हता, हे लक्षात घ्या. कुणी पैसे उकळले नाहीत, नारळात सोडियम नव्हतं. सहजासहजी विश्वास ठेवू नका, हा नियमही त्यांच्याच ग्रंथात होता. मी घरी जाऊन ते नियम पुन्हा काढून वाचले. आधी नजरेतून सुटलेलं काही तिथं नव्हतं, पण आता त्याचा अर्थ वेगळा लागत होता. त्याच नियमांत लिहिलंय की सैतान लपून बसतो. आपण नैसर्गिक आजार आहोत असं तो भासवतो. कधी रोग्याला अगदी बरं वाटू देतो, म्हणजे धर्मगुरू विधी थांबवील. म्हणजे मुलीची तब्येत बिघडली तर सैतान आहे, सुधारली तरी सैतान आहे, आणि आजार वाटला तर तीही त्याचीच हुलकावणी. शंकेला दारात उभं केलं होतं, पण एकदा आत शिरल्यावर बाहेर पडायला दारच ठेवलेलं नव्हतं. सदुसष्टावी वेळ आली ती अशी.

त्या दिवशी वहीत एक नवा नियम चढला. विधी सुरू करण्याआधी, तो करणाऱ्या पात्रानं, काय झालं तर आपण थांबणार आहोत, हे घरातल्या माणसाला मोठ्यानं सांगायचं. सांगितलं नाही तर प्रकरण परत. आमच्या मैत्रिणीनं पाचवं प्रकरण पुन्हा लिहिलं. पलंग आहे, दोर आहे, मारही आहे. पण सगळं मुलीच्या बाजूनं आहे, आणि शेवटी ती शांत झालेली नाही, थकलेली आहे. तिच्या मनगटावरचे वळ पुढं दोन प्रकरणं टिकले पाहिजेत, असं तिनं आमच्याकडून कबूल करून घेतलं. सहाव्यात डीन ते वळ पाहतो आणि पहिला प्रश्न सैतानाबद्दल विचारत नाही.

गंमत अशी की या नियमानं कथेतली भीती कमी होईल असं आम्हाला वाटलं होतं, ती वाढली. थांबायची खूण ठरली की वाचक त्या खुणेकडं डोळे लावून बसतो. दिवे घालवावे लागत नाहीत.

सध्या सातवं प्रकरण चालू आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर सॅमनं पुस्तक उघडलंय आणि शेजारी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलंय. दारात मीठ आहे. मुलीची झटक्यांवरची गोळी रात्री नऊलाच दिलेली आहे. पहाटे चारपर्यंत उतार पडला नाही तर पुस्तक मिटायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची, असं तिच्या आईशी ठरलंय. टेलिफोन आईच्या हाताशी आहे. तिथवर लिहून झालंय, आणि घड्याळात चारला दहा कमी आहेत. पुढची पाळी आमच्या सिंधुदुर्गवाल्याची.